झुंबरचं घर

त्या दुष्काळात ऊसतोडीला गेलेली माणसं पौषातच माघारी आली. कारखान्याच्या गव्हाणीत टाकायला ऊसच उरला नव्हता. शहादेव आणि कौशल्याबाई, दोघं नवराबायको, डोक्यावर भांड्याकुंड्यांची बोचकी घेऊन फाट्यावरून चालत वाडीत आली, तर त्यांच्या दारात परकी माणसं उभी. त्यातला एकजण दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तिच्यातून घराकडं बघत होता. शेजारी दूध सोसायटीचे चेअरमन रामहरीतात्या हात मागं बांधून उभे होते.

"ह्या घरमालकीण," तात्या म्हणाले. "कौशल्याबाई, टीव्हीवाली मान्सं हायती. मुंबईहून आलीत. तुमचं घर त्यांच्या नजरंत भरलंय."

घर म्हणजे दोन खोल्या. दगडमातीच्या भिंती, पुढं पत्र्याची पडवी, दाराशेजारी वरपासून खालपर्यंत गेलेली एक भेग. वाडी आष्टी तालुक्यातली, बालाघाटाच्या उतरणीला चिकटलेली. तिच्यात हे घर सगळ्यांत उंचावर, म्हणून मागं नुसता उघडा डोंगर दिसायचा. शहादेव दर वर्षी म्हणायचा, ह्या सालच्या तोडीवर भिंतीला गिलावा करू. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं.

त्या लोकांमधला मॅनेजर मोठा गोड बोलणारा होता. त्यानं सगळी गोष्ट समजावून सांगितली. सिरियल होती झुंबर नावाच्या मुलीची. ऊसतोड्याची पोर, बाप मेलेला, उसाच्या फडात गाणी म्हणणारी. ती भरल्या मांडवातून उठून मुंबईला जाते आणि मोठी पॉप गायिका होते. तिकडं तिला सगळे 'झूम' म्हणतात. मुंबईतला भाग मुंबईतच करायचा होता, पण झुंबरला सारखं गाव आठवणार होतं. तेवढ्यासाठी दर महिन्याला पाच-सहा दिवस इथं यायचं.

"मावशी, एवढं खरं घर आम्हाला कुठं मिळणार?" तो म्हणाला.

हे कौतुक आहे की काय आहे, ते कौशल्याबाईला नीट कळलं नाही. तिनं पदर सावरून त्यांना पाणी विचारलं आणि मग लक्षात आलं, घरात पाणीच नाही.

बोलणी सोसायटीच्या आवारात झाली. वाडीला सरकारी टँकर यायचा तो चार दिवसांनी, कधी पाच दिवसांनी, आणि विहिरीत ओतला की बायकांची झुंबड उडायची. सिरियलवाल्यांनी सांगितलं, आमचं काम चालू आहे तोवर आमचा टँकर रोज येईल, आम्ही इथं असू नाहीतर नसू. त्या बदल्यात एकच अट होती. घर आत्ता जसं आहे तसंच राहिलं पाहिजे. भेग बुजवायची नाही, रंग द्यायचा नाही, पत्रा बदलायचा नाही. आज घेतलेल्या चित्राला पुढच्या महिन्यातलं चित्र जुळलं पाहिजे.

तात्यांनी शहादेवकडं बघितलं. शहादेवच्या दोन्ही गाया सोसायटीच्या चारा छावणीत बांधलेल्या. दूध सोसायटीलाच जायचं. सगळी वाडी त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"घराला काय करायचं हाय तसंबी?" शहादेव म्हणाला. "ऱ्हाऊ द्या की जसं हाय तसं."

माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कौशल्याबाई बायकांत मागं उभी होती. तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ती हेच म्हणाली असती. रोज पाणी येणार होतं. त्याला नाही म्हणणारं तोंड त्या साली वाडीत नव्हतं.

पहिल्या खेपेला तिला गंमतच वाटली. गाड्या आल्या, दिवे आले, झुंबर झालेली पोरगी आली. ती खरी गोरीपान. तिच्या हातापायांना काळपट रंग लावायला एक बाई वेगळी. झुंबरची आई झालेली बाई कौशल्याबाईच्याच चुलीपुढं बसली आणि म्हणाली, "मावशी, भाकरी कशी थापायची दाखवा ना." कौशल्याबाईनं दाखवली. घर सजवायला आलेल्या आर्टवाल्यानं मात्र तिची स्टीलची भांडी मांडणीसकट उचलून मागं शेळीच्या खोपटात नेली आणि तिथं पोचे पडलेली जर्मनची पातेली लावली. दाराच्या वर एका अनोळखी माणसाचा फोटो टांगला आणि त्याला हार घातला. झुंबरचा मेलेला बाप तो.

"तेवढं काढून ठिवा जाताना," कौशल्याबाई म्हणाली. "घरात जित्ता धनी हाय माझा."

"जागा हलली तर घोटाळा होतो मावशी," तो म्हणाला. "राहू द्या, फोटोच तर आहे."

फोटो राहिला. पातेलीही राहिली. माणसं गेल्यावर तिनं आपली मांडणी घरात आणली, पण पुढच्या खेपेला मोबाइलवर फोटो काढणारी एक मुलगी होती, ती जुनं चित्र आणि घर ताडून बघायची. सूप डाव्या खिळ्याला होतं, उजव्याला कसं गेलं? उंबऱ्याजवळचा दगड कुणी हलवला? ती चिडून बोलायची नाही. नुसती पुन्हा पुन्हा विचारायची. त्यापेक्षा कशाला हात न लावलेला बरा, असं कौशल्याबाईनं ठरवलं. ती खोपटातच स्वयंपाक करू लागली. घरात वावरताना भिंतीपासून अंग चोरून चालायची, पाहुण्याच्या घरी चालावं तशी. शहादेव छावणीवर गायांजवळ राहायचा. तो जेवायला आला की फोटोखालून जाताना मान खाली घालायचा आणि जेवून लगेच माघारी जायचा. छावणीवर बरं वाटतं, म्हणायचा.

होळीच्या सुमाराला सिरियल टीव्हीवर लागली. सोसायटीच्या आवारात सगळी वाडी जमायची. आपला डोंगर, आपली बोडकी बाभळ, आपली विहीर दिसली की माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायची. कौशल्याबाईची लेक सरस्वती, घरातली सरू, तिलाही त्यात काम मिळालं होतं. लांबून डोक्यावर हंडा घेऊन डोंगर चढणारी झुंबर दिसायची ती खरी सरू असायची. तोंड दिसू द्यायचं नव्हतं, पाठच. कौशल्याबाई ती पाठ लगेच ओळखायची. पुढच्याच क्षणी गोरी पोरगी वळून कॅमेऱ्याकडं बघायची आणि गाऊ लागायची.

सरूचं लग्न त्याच दिवसांत जमलं. मुलगा बीडजवळच्या पालीचा, उत्तरेश्वर नावाचा, बीडला ट्रॅक्टरच्या गॅरेजात कामाला. स्वभावानं शांत. पालीला बिंदुसरेचं धरणही त्या साली कोरडं ठाक पडलेलं, तेव्हा दुष्काळाचं गाऱ्हाणं कुणी कुणाला सांगायचं नव्हतंच. वैशाखातली तिथी धरली. लग्न मुलीच्या दारात.

कौशल्याबाईच्या डोळ्यांपुढं त्या दिवसापासून एकच गोष्ट उभी राहिली. घराला चुना द्यायचा. दाराच्या एका बाजूला लेकीचं नाव, दुसऱ्या बाजूला जावयाचं, मधे कळस, दोन्हीकडं हत्ती. तिच्या स्वतःच्या लग्नात बापाच्या घरावर असंच काढलेलं होतं. तिचा भाऊ बंकट निवडणुकीत भिंती रंगवायचा, त्याचा हात चांगला. सरू फडात कोप्यांमध्ये वाढलेली पोर; अर्धं बालपण चिपाडाच्या खोपीत गेलेलं. निदान जायच्या दिवशी तिला पांढरं घर दिसावं, एवढंच कौशल्याबाईच्या मनात होतं.

ती आधी तात्यांकडं गेली.

"लगीन करा की खुशाल," तात्या म्हणाले. "सोसायटीचं शेड देतो. झाडून, सतरंज्या टाकून देतो. पर घराला हात लावू नका."

"तात्या, पोरीचं लगीन दुसऱ्याच्या दारात काहून करायचं? आमाला दार न्हाई का?"

"हाय की. पर त्या दाराचं पानी सगळी वाडी पिती, त्याचं काय?" तात्या हे रागानं बोलले नाहीत. उलट थोडं ओशाळूनच बोलले. "मला सांगा, उद्या टँकर बंद झाला तर बायका कुणाच्या नावानं बोटं मोडतील?"

मग चैत्रातल्या खेपेला तिनं मॅनेजरलाच गाठलं. तो खुर्चीत बसून फोनवर बोलत होता. तिनं हात जोडून सांगितलं, लेकीचं लग्न आहे, नुसता चुना द्यायचाय, पावसानं जाईल तो आपोआप. त्यानंही हात जोडले.

"मावशी, अजून दोन महिने सांभाळून घ्या. झुंबरच्या लग्नाचाच सीन बाकी आहे, तो ज्येष्ठात करायचाय. नवरीला आमच्याकडून साडी, बँडबाजा आमच्याकडून. पण भिंत नका बदलू." आणि त्याचा फोन पुन्हा वाजला.

तिला वाटलं, निदान व्याही लोक तरी म्हणतील, अशा भेगाळल्या घरातून मुलगी नेणार नाही. उत्तरेश्वरची आई सुभद्राबाई साखरपुड्याला आली. ती रोज सिरियल बघणारी. दारात पाऊल टाकल्याबरोबर तिनं भेगेवरून बोटं फिरवली.

"हीच का ती भेग? हितंच झुंबर रडत बसती न्हाई का?" तिनं सगळ्या बायकांना बोलावून दाखवलं. "विहीनबाई, काई बदलू नका. असंच ऱ्हाऊ द्या. लई जणांना फोटो काढायचेत हितं."

कौशल्याबाईनं मान हलवली आणि चहा टाकायला खोपटात गेली. चूल पेटवताना तिला रडू आलं, पण खोपट एवढंसं, बाहेर सगळं ऐकू जाणार. तिनं फुंकणी तोंडाला लावली आणि नुसती फुंकत राहिली.

शेळी बांधायला आलेल्या सरूनं ते बघितलं.

"माय, जाऊ दे ना," ती म्हणाली. "मला शेडमंदी लावून दिलं तरी चालतंय."

"तुला काय पायजे ते सांग. दुसऱ्याचं नको सांगू."

सरू शेळीच्या पाठीवर हात फिरवत राहिली. "टीव्हीत माझी पाठ दिसती," ती म्हणाली. "नाव तर कुटंच न्हाई. भिंतीवर माझं नाव लिवलेलं आवडलं असतं मला. पर ऱ्हाऊ दे."

ह्यानंतर कौशल्याबाईनं कुणाला काही विचारलं नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळीच तिनं आष्टीच्या बाजारातून आणलेली चुनखडी टोपल्यात ओतली. आदल्या रात्री भिजवली असती तर वाडीला कळलं असतं. पाणी घातल्याबरोबर चुना खदखदू लागला, वाफा निघाल्या. शेजारची रतनबाई, धनगराची, मेंढरं सोडायला निघाली होती. ती थबकली.

"कौसल्या, काय करतीस बाई हे?"

"घर सारवतीय."

"टँकर बंद करतील. मेंढरं मरतील माझी."

कौशल्याबाईच्या हातातली कुंचली थांबली. रतनबाईच्या तोंडावर राग नव्हता, भीती होती, आणि ती खोटी नव्हती.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मला समदं ठावं हाय, रतना." आणि तिनं पहिला हात भेगेवरून वरपासून खालपर्यंत ओढला.

रतनबाई मेंढरं घेऊन गेली. जाताना एकदाही वळली नाही. दुसऱ्या बायका लांबून बघत होत्या, जवळ कुणी आलं नाही. शहादेव दुपारी छावणीवरून आला. निम्मं घर पांढरं झालेलं. त्यानं भिंतीकडं बघितलं. मग त्यानं सदरा काढून खुंटीला टांगला, स्टुलावर चढला आणि झुंबरच्या बापाचा फोटो खाली घेतला. हारासकट तो खोपटात नेऊन ठेवला आणि वरची बाजू रंगवायला लागला. संध्याकाळी बंकटनं गेरू आणि निळीनं नावं काढली. 'चि. सौ. कां. सरस्वती' ही अक्षरं त्यानं जरा मोठी घेतली, बहिणीनं सांगितलं म्हणून.

लग्न त्या दारात लागलं. तात्या आले, अक्षता टाकल्या, भिंतीकडं बघून न बघितल्यासारखं केलं. सुभद्राबाई जरा हिरमुसली. तिच्या पाहुण्यांना भेगच सापडेना. सरू मात्र जाताना दाराशी थांबली, आपल्या नावावर तळहात ठेवून उभी राहिली. हाताला गेरू लागला. तसाच हात घेऊन ती गाडीत बसली.

मग सुरू झालं वाट बघणं. सिरियलवाले यायचे होते ते ज्येष्ठात. टँकर रोज येत होता, पण भांडं लावायला कौशल्याबाई गेली की बायका बोलायच्या थांबायच्या. कुणी ओळीतून तिला हटकलं नाही. ती भरून निघाली की मागं कुजबुज सुरू व्हायची. तात्यांनी शहादेवला बोलावून सांगितलं, ते आले की तूच समोर जा, पाया पड, काय करायचं ते कर. शहादेवला घास गोड लागेना. कौशल्याबाई रोज सकाळी भिंत बघायची. एकदा तर तिनं ओला फडका हातात घेतला, पुसून टाकावं म्हणून. मग नावाकडं बघून तो पुन्हा बादलीत टाकला.

गाड्या आल्या त्या दिवशी सगळी वाडी दारात जमली. शहादेव पुढं झाला, पण मॅनेजर त्याला ओलांडून भिंतीपुढं जाऊन उभा राहिला. आर्टवालाही आला. दोघं जरा वेळ बघत राहिले.

"अरे वा," मॅनेजर म्हणाला. "मांडवसुद्धा आहे?"

"डहाळ्या वाळल्यात. बदलतो," आर्टवाला म्हणाला. "भिंत दुपारपर्यंत होईल."

एवढंच बोलणं झालं. दोन पोरं पंप घेऊन आली. चहाच्या चोथ्याचं पाणी, माती, काजळी असं काहीबाही कालवून त्यांनी भिंतीवर फवारलं, पत्र्याच्या तुकड्यानं खरवडलं. भेग त्यांनी जुन्या फोटोत बघून बघून पुन्हा कोरली. बघता बघता घर आधी होतं त्याहून म्हातारं दिसायला लागलं. सरस्वतीचं नाव खरवडलं गेलं आणि त्याच जागेवर, तेवढ्याच उंचीवर, डब्यातल्या लाल रंगानं एकानं लिहिलं: 'चि. सौ. कां. झुंबर'. दुसऱ्या बाजूला कुठल्याशा नवऱ्याचं नाव.

कौशल्याबाई मॅनेजरजवळ गेली. "हे नाव का लिवलं?"

"झुंबरचं लग्न ना आज. ती आज मांडवातून उठून जाणार." तो हसला. "तुम्ही का एवढ्या घाबरल्यात मावशी? चुना द्यायचा होता तर आधी सांगायचं. आमच्या पोरांना काय, दोन तासांचं काम."

"म्या सांगितलं होतं," ती म्हणाली. "चैतात. हात जोडून सांगितलं होतं."

त्यानं आठवून बघितलं. त्याला खरंच आठवत नव्हतं. "असेल, असेल," तो म्हणाला आणि त्याला कुणीतरी हाक मारली.

टँकर बंद झाला नाही. बायका पुन्हा तिच्याशी बोलू लागल्या. रतनबाई ताक घेऊन आली, "उगा भ्यालो बाई आपण समद्या," म्हणाली. जणू काही घडलंच नव्हतं. कौशल्याबाईला वाटलं, त्यांनी भांडण केलं असतं, टँकर अडवला असता, तर एवढा जीव कोंडला नसता. तिनं सगळ्या वाडीचं पाणी पणाला लावलं होतं आणि कुणाच्या लेखी ती काही बोललीच नव्हती. संध्याकाळी कॅमेऱ्यापुढं झुंबर मांडवातून उठली, मुंडावळ्या तोडून तिनं त्याच दाराच्या उंबऱ्यावर टाकल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जिच्या दारातून आठ-पंधरा दिवसांखाली लेक सासरी गेली, ती आई त्या तुटक्या मुंडावळ्यांकडं बघत पडवीच्या खांबाला धरून उभी राहिली.

पावसाळ्यात डोंगर हिरवा झाला आणि गाड्या यायच्या थांबल्या. कुणी निरोप दिला नाही. टँकरही आपोआप बंद झाला. विहिरीला पाणी आलं होतं, कुणी विचारलं नाही. सोसायटीत टीव्ही चालूच होता. एका दिवशी कौशल्याबाईनं बघितलं, झुंबर तिच्या घरी आली होती. तीच भेग, तेच सूप, मागं तोच बोडका डोंगर. बाहेर पाऊस पडत होता आणि टीव्हीतल्या घरासमोर धूळ उडत होती.

"मुंबईलाच बांधलंय तसंच्या तसं," तात्या म्हणाले. "पर तुमी हात लावू नका इतक्यात. यायचेबी परत. दिवाळीनंतर येऊ म्हनले होते."

"कुणाला म्हनले?"

तात्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दिवाळीनंतर ती दोघं तोडीला गेली, उन्हाळ्यात माघारी आली. कुणी आलेलं नव्हतं. तात्यांना न विचारता कौशल्याबाईनं पुन्हा चुनखडी भिजवली. चुना सगळीकडं धरला, पण लाल रंगावर धरेना. तो तेलाचा रंग होता. वाळला की तेवढ्या जागेवरची पापडी निघायची आणि झुंबरचं नाव पांढऱ्या भिंतीवर आधीपेक्षा उठून दिसायचं. तिनं विटेनं घासलं, शहादेवनं घासलं. मग दोघांनी नाद सोडला.

आता माणसं घर बघायला येऊ लागली. कड्याहून, जामखेडकडून, कधी थेट नगरहून, जीपा करून. आधी ती दार लावून घ्यायची. मग तात्या म्हणाले, लांबून आलेल्या माणसाला पाणी तरी विचारत जावं. पाणी दिलं की लोक विचारायचे, झुंबरची आई भाकरी कुठं थापायची, बापाचा फोटो कुठं होता. ती बोटानं दाखवायची. सरू बाळंतपणाला आली तेव्हाही एक जीप आली होती. तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन सरू पडवीत बसली होती. त्या लोकांनी तिला जरा बाजूला सरकायला सांगितलं, मागची भिंत फोटोत यावी म्हणून. सरू सरकली. कौशल्याबाईनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

जीपमधली एक म्हातारी तिच्याकडं निरखून बघत होती.

"तुमी झुंबरच्या कोन वं?"

"कुनी न्हाई," कौशल्याबाई म्हणाली. "मी हितं ऱ्हाते."

म्हातारीला ते पटलं नसावं. तिनं पाणी पिऊन तांब्या पालथा घातला आणि आत चूल बघायला गेली. बाळ रडायला लागलं, तशी कौशल्याबाईनं नात उचलून खांद्यावर घेतली आणि त्या माणसांचं बघून होईपर्यंत ती पडवीतच येरझाऱ्या घालत राहिली.